जमिनीपासून अठरा इंच

० इंच

पळी पडली.

तांब्याची, पूजेची, एवढीशी. माईंच्या हातातून सुटली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आपटली आणि घरंगळत आम्हा दोघींच्या बरोबर मधे येऊन थांबली.

"उचला जरा," माई म्हणाल्या.

मी पळीकडे पाहिलं. मग माईंकडे.

"माझ्या हाताला मांजर लागलंय, माई. तुमची पूजेची पळी मी कशी शिवू?"

"मग हात धुवा."

"धुतले तर चालेल तुमच्या सोवळ्याला?"

 माईंनी चालेल म्हणावं, तर दोन दिवस मला दारातच उभं केलं होतं त्याचं काय?

"नाही चालणार," त्या म्हणाल्या.

"मग तुम्हीच घ्या ना. तुमच्यापासूनही वीतभरच आहे."

"मी सोवळ्यात आहे. जमिनीवर पडलेलं मी उचलत नाही."

"बरोबर आहे."

"हो. बरोबरच आहे."

कोको नावाची पिवळी मांजर आली, तिने पळीचा वास घेतला, पंजाने एकदा ढकलून पाहिली आणि निघून गेली. मी पाण्याचं भांडं भरलं. माई आपल्या खुर्चीत बसल्या. मी जाईपर्यंत आम्ही दोघी पळी सोडून सगळीकडे पाहत होतो.

अकरा वाजता भांडी घासायला बाई आल्या. त्या काय म्हणाल्या ते माईंनीच मला नंतर सांगितलं.

"पळी पडलीया न्हवं! सकाळधरनं दिसंना व्हय कुणाला?"


१८ इंच

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची, सांगलीतली. तेव्हा मी सत्तर वर्षांची होते आणि माई आठल्ये अठ्ठ्याहत्तर.

मी नलिनी शेटे. विश्रामबागेत एकतीस वर्षं शिवणवर्ग चालवला. पायमशीनने गुडघे खाल्ले, असं मी म्हणते. डॉक्टर म्हणतात वयाने खाल्ले. वर्ग बंद केला त्या वर्षी शेजारच्यांनी चार दिवसांसाठी कुत्रा सोपवला. तो इतका शहाण्यासारखा राहिला की श्रेय मला मिळालं. मग लोक विचारत आले. कुत्री, मांजरं, एकदा दोन कासवं. मालक गावाला गेले की मी त्यांच्या घरी दोन वेळा जायची. खाणं, पाणी, औषध, फिरवणं.

या कामातली अडचण एकच. जनावरं जमिनीवर राहतात.

डॉक्टरांनी उकिडवं बसणं आणि मांडी घालणं बंद केलं त्या दिवशी घरी येऊन मी टेप काढला. सरळ उभी राहिले, दुखेपर्यंत जितकं वाकता येतं तितकं वाकले आणि हात सोडला. बोटं जिथे थांबली तिथून फरशीपर्यंत अठरा इंच. तीनदा मोजलं. अठरा. त्याच्यावर सगळं माझं. त्याच्याखाली परमुलूख.

मग मी त्या परमुलखातून एकेक वस्तू वर आणायला लागले. जमिनीवरच्या भांड्यात पाणी घालायला झाडांची लांब तोटीची झारी. मांजराची वाळू काढायला काठी बांधलेलं खुरपं. कुत्र्याला पट्टा घालायचा तर मी आधी खुर्चीत बसते, मग त्याला बोलावते. तो आपणहून मान पुढे करतो. ओढणारी कुत्री घेत नाही. मोठ्या कुत्र्यांपैकी म्हातारी घेते, आमची चाल जमते.

यातलं काहीही मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मालक निघून गेले की झारी पिशवीतून बाहेर यायची, ते परतायच्या आत पिशवीत जायची.

कारण सांगते. माझा मुलगा सुहास हैदराबादला असतो. "आई, बास झालं आता, इकडे ये," हे तो दर रविवारी म्हणायचा. चिडून एकदा मी म्हणाले, "ज्या दिवशी एखादं गिऱ्हाईक मला म्हणेल की तुम्हाला हे जमत नाही, त्या दिवशी सामान बांधते." त्याने ते शब्द पकडून ठेवले. त्यानंतर फोनवर "कशी आहेस" ऐवजी तो विचारायचा, "कुणी म्हणालं का?"

हैदराबादच्या घरात माझ्यासाठी खोली आहे, खिडकी आहे, टीव्ही आहे. करायला काही नाही.


५२ इंच

आठल्यांच्या फ्रिजवर सुनेने, म्हणजे तेजश्रीने, कागद चिकटवला होता. तो मला पाठ आहे. खाली मनातल्या मनात दिलेली उत्तरंही आहेत.

*१. सकाळी सात आणि संध्याकाळी सात पाव गोळी. फिट येऊ नये म्हणून आहे, चुकवायची नाही. अर्धा तास इकडे-तिकडे चालेल, त्यापुढे नाही.*

चुकणार नाही.

*२. गोळी माशाच्या खाण्यात लपवून. पण गिळते का ते खाली बसून बघावं लागतं, कधीकधी थुंकते.*

उभ्यानेही दिसतं.

*३. कोको घाबरली की दिवाणाखाली जाते. हात घालून ओढून काढायची.*

घाबरवायची नाही.

*४. आईंचं सोवळं असतं, सकाळी आंघोळीपासून पूजेपर्यंत. त्यांना शिवू नका. पूजा त्या दार लोटून करतात, तेव्हा आत जाऊ नका. त्या मांजराला हात लावत नाहीत.*

याचं उत्तर मी मनात नाही, तोंडाने दिलं होतं. "पहिल्यापासून नाही लावत?"

"छे हो काकू," तेजश्री बॅगेची चेन ओढत म्हणाली. "आधी एवढं नव्हतंच काही. दोन वर्षं झाली, सोवळ्याचं फार करायला लागल्यात. माणूस म्हातारं झालं की देवाकडे वळतं, दुसरं काय. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. त्या घरात असून मांजराच्या उपयोगाच्या नाहीत."

मग तेजश्री, तिचा नवरा मंदार आणि दोन बॅगा दहा दिवसांसाठी थायलंडला गेल्या. माई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तिथे म्हणे किडे तळून खातात. जपून रे." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही तिथेच थांबा. मी सोवळ्यात आहे."


२० इंच, पुढे १८

पहिले दोन दिवस कोकोला मी मागच्या दारी धुण्याच्या दगडावर जेवायला घातलं. दगड वीस इंच. उत्तम. ती उडी मारून वर यायची, मी उभ्याने बघायची, गोळी पोटात जायची. माई खुर्चीतून विचारायच्या, "बाहेर का?"

"वास नको तुमच्या घरात."

"हं," माई म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला. दगडावर पाणी साचलेलं. पावणेसात झाले होते, माई आंघोळीला गेल्या होत्या. मागच्या पडवीत भिंतीला टेकून एक लाकडी चौरंग उभा होता. रंग नाही, पॉलिश नाही, तेलाचा वास. उंच पायांचा. मी टेप लावला. अठरा, सूतभर जास्त.

आता सांगलीतल्या कुठल्याही बाईला चौरंग म्हणजे काय ते कळतं. मलाही कळतं. पण आठल्यांच्या घरात मी चार चौरंग पाहिले होते. एकावर मिक्सर होता, एकावर वर्तमानपत्रांची रद्दी. हा तर रंग उडालेला, पडवीत टाकून दिलेला. मला वाटलं पाचवा.

कपड्यांची दोरी पायाला अडकवून मी तो ओढत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आणला. वर बशी ठेवली. बशीत मासा. माशात पाव गोळी. कोको वर चढली आणि खायला लागली.

सात वाजून दोन मिनिटांनी माई सोवळ्याचं रेशमी नेसून बाहेर आल्या.

त्या किंचाळल्या असं मी सगळ्यांना सांगते. पण लगेच नाही. त्या इतक्या हळू बोलल्या की मला आधी ऐकूच आलं नाही.

"तो गौरींचा चौरंग आहे."

"काय?"

मग किंचाळल्या.

"गौरींचा चौरंग आहे तो! माझ्या सासूबाईंपासूनचा! सुताराने कालच घासून तेल पाजून आणून ठेवलाय. दोन्ही गौरी उभ्या राहतात त्यावर, दोन्ही! आणि तुम्ही त्याच्यावर मासळी वाढलीत? मांजराला?"

कोकोने बशी उलटवली, उडी मारली आणि ती बैठकीच्या खोलीत दिसेनाशी झाली. गोळी बशीबरोबर फरशीवर पडलेली होती, माशाच्या तुकड्याला चिकटून. मला स्पष्ट दिसत होती.


७ इंच

दिवाणाखाली सात इंच जागा होती. त्या सात इंचांच्या पार टोकाला, भिंतीला लागून, दोन डोळे.

मी दिवाणासमोर उभी राहिले. माई माझ्यामागे उभ्या राहिल्या.

"काढा तिला."

"काढते."

"गोळी गेली का पोटात?"

"नाही."

"सात वाजून पाच मिनिटं झालीत."

"माहीत आहे."

मी झाडू घातला. डोळे आणखी मागे गेले. मी "कोको, कोको" केलं. काही नाही.

"झाडू काय घालताय? खाली बसा, हात घाला, ओढा. तेजश्री तशीच काढते."

"हो, काढते की."

"कधी? आधी माझा चौरंग बाटवलात, आता मांजर मारणार आहात का? मी तेजश्रीला फोन लावते. तिला म्हणावं, कुठून आणलीस ही बाई!"

फोन त्यांच्या हातात होता. चष्मा कपाळावरून खाली येत होता. मला हैदराबादची खिडकी दिसली. तिच्यातून समोरची दुसरी खिडकी दिसते.

माझ्याकडे अजून तीनचार बहाणे शिल्लक होते. पाठीत उसण भरली म्हणता आलं असतं. पण घड्याळात सात वाजून आठ झाले होते, आणि बहाण्याने मांजर बाहेर येत नाही.

"मला वाकता येत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. गुडघे गेलेत. खाली बसले तर उठवायला दोन माणसं लागतात, इथे एकच आहे आणि तीही सोवळ्यात. म्हणून दगडावर खायला घालत होते. म्हणून चौरंग घेतला. मला खरंच माहीत नव्हतं तो गौरींचा आहे, पण माहीत असतं आणि दुसरं काही नसतं, तरी तोच घेतला असता. करा फोन."

माईंचा अंगठा फोनवर तसाच राहिला.

"कुठपर्यंत जातो हात?"

"अठरा इंच. जमिनीपासून."

"मोजलंय?"

"मी सगळं मोजते."

त्यांनी फोन टीव्हीवर ठेवला. दिवाणाच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या,

"टेप कुठाय?"

"गळ्यात."

"मग माझं मोजा."


२६ इंच

माई गेल्या मार्गशीर्षात वारल्या, म्हणून हे आता सांगायला हरकत नाही.

"माई, तुम्ही सोवळ्यात आहात. शिवू?"

"मोजा म्हटलं ना."

उजव्या हाताने त्यांनी दिवाण घट्ट धरला. डावा हात सोडला आणि त्या वाकायला लागल्या. कमरेतून नाही, खांद्यातून थोडं, मानेतून थोडं. ओठ आत ओढून घेतले. मी टेपचं पितळी टोक फरशीला टेकेपर्यंत सोडलं आणि त्यांच्या मधल्या बोटापाशी आकडा वाचला. रेशमी पदर माझ्या मनगटावर पडला होता. त्यांनी तो काढून घेतला नाही.

"सव्वीस."

"तुमच्यापेक्षा किती?"

"आठ इंच वर."

"म्हणजे मी तुमच्यापेक्षा वाईट."

"तुम्ही माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या आहात."

"गोड बोलू नका, शेटेबाई. तुम्हाला शोभत नाही."

त्या खुर्चीत बसल्या. मी दिवाणावर. मांजर माझ्याखाली. पुढचं माई दाराकडे बघत बोलल्या, कुणीतरी तिकडून येणार असल्यासारखं.

"दोन वर्षांपूर्वी हिलाच दूध घालायला वाकले आणि तिथेच बसले. पडले नाही, नुसती बसले. उठता येईना. हे दोघं ऑफिसात. दीड तास फरशीवर होते. शेवटी दाराची कडी धरून उठले. कुणाला सांगितलं नाही."

"का?"

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

मी टेप गुंडाळायला लागले.

"खाली बसता येत नाही म्हटलं की आधी पूजा सुनेकडे जाते," माई म्हणाल्या. "मग स्वयंपाक जातो. मग एक बाई ठेवतात चोवीस तासांची, ती आपल्याला आंघोळ घालते आणि आपल्याशी लहान मुलासारखं बोलते. माझ्या बहिणीचं पाहिलं मी. मग मी काय केलं? दुसऱ्या दिवशीपासून कडक सोवळं सुरू केलं. सोवळ्यातल्या बाईला कुणी पडलेलं उचलायला सांगत नाही. केर काढायला सांगत नाही. जवळ येत नाही, हात धरून बघत नाही. दार लोटून घेतलं की आत कशी पूजा करते, कुणी विचारत नाही."

"कशी करता?"

त्यांना हे अपेक्षित नव्हतं.

"देव्हारा खाली आहे. पाटावर. मी खुर्ची आत घेते आणि वरून पळीने पाणी शिंपडते. फुलं टाकते. एखादं जातं देवावर, एखादं बाजूला. दोन वर्षांत माझा बाळकृष्ण मी हातात घेतलेला नाही, शेटेबाई. लोकांना वाटतं ही बाई देवाची झाली."

घड्याळात सात वाजून अठरा.

"आणि कालची पळी?" मी विचारलं.

"कालची पळी तुम्ही उचलायला हवी होती," माई म्हणाल्या आणि हसल्या. मीही. दोघी हसलो, पोट धरून, आणि दिवाणाखाली काहीतरी हललं.

"बारा मिनिटं राहिलीत," मी म्हणाले. "आपल्यापैकी कुणीही खाली जाऊ शकत नाही. तेव्हा तिला वर यावं लागेल. तुमचं ऐकायची का ती पूर्वी?"

माई खुर्चीत सरसावून बसल्या. म्हणाल्या, "तो चौरंग आणा इकडे. माझ्या खुर्चीला लावून ठेवा."

"गौरींचा?"

"दुसरा उंच आहे का घरात? आणा. आणि फ्रिजमधलं लोणी."

मी दोरीने चौरंग ओढत आणला. डबीतली नवी पाव गोळी लोण्यात बसवली. माईंनी लोण्याचं बोट चौरंगाच्या कडेवर टेकवलं. खुर्चीत बसलं की अठरा इंच म्हणजे काहीच नाही. हात सहज खाली सोडला की चौरंगच लागतो.

मग त्यांनी हाक मारली. कोको नाही.

"शेवंते."

दिवाणाखाली शांतता.

"शेवंते, ये. रुसलीस ना? रूस. पण वर येऊन रूस. मला आता खाली येता येत नाही गं तुझ्यासाठी. दोन वर्षं झाली, येता येत नाही. तूच ये."

आधी मिशा आल्या. मग एक पंजा, फरशीवर सपाट. सात वाजून चोवीस मिनिटांनी पिवळी मांजर दिवाणाखालून पूर्ण बाहेर आली, चौरंगाकडे मान वर करून पाहिलं आणि चढली. लोणी चाटलं. बोट चाटलं. मग माईंच्या रेशमी मांडीवर दोन पाय टेकवून सगळं मनगट चाटलं.

मी उभ्याने पाहिलं. गोळी गेली.

माई मान खाली घालून तिचे कान कुरवाळत होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन काठीच्या खुरप्याने सांडलेला मासा गोळा केला. बराच वेळ लावला.


बाकीचे दिवस

चौरंग तिथेच राहिला.

"गौरींचं काय?" मी विचारलं.

"भाद्रपदाला अवकाश आहे. धुऊन, ऊन दाखवून घेऊ. आणि गौरी म्हणजे माहेरवाशिणी. माहेरी आलेल्या पोरी मांजरावरून भांडतात होय?"

चौथ्या दिवसापासून गोळी माई देत होत्या. मी फक्त घड्याळ पाहायची आणि फ्रिजवरच्या कागदावर खूण करायची. पाचव्या दिवशी मी त्यांना झारी दाखवली. माईंनी तिने तुळशीला पाणी घातलं आणि म्हणाल्या, "हे मला आधी का नाही सुचलं?" सहाव्या दिवशी मी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण काढून माईंच्या हातात द्यायला निघाले. निघाले म्हणते, कारण देव्हारा पाटावर आहे आणि पाट तीन इंच. दोघी दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत राहिलो. भांडी घासणाऱ्या बाईंना सांगता आलं असतं. माईंनी मान हलवली. नको.

"एवढं सगळं सांगून टाका ना तेजश्रीला," मी म्हणाले. "चांगली आहे मुलगी."

"चांगली आहे म्हणूनच. उद्याच्या उद्या बाई ठेवेल चोवीस तासांची." मग माझ्याकडे बोट रोखून, "तुम्ही बोलायचं नाही. शपथ आहे."

"कुणाची?"

"शेवंतीची."

मी शपथ घेतली. ते सोपं होतं. अवघड काय होतं ते मला दहाव्या दिवशी समजलं.


दार

त्यांचं विमान लवकर आलं. म्हणजे विमान वेळेवरच आलं, पुण्याहून गाडी लवकर मिळाली. संध्याकाळी सातला पोहोचणार होते, ते साडेपाचला दारात. चौरंग माईंच्या खुर्चीला लागलेला, त्यावर बशी, बशीपाशी मांजर. झारी तुळशीजवळ. काठीचं खुरपं भिंतीला. काहीही पिशवीत नव्हतं.

मंदार बॅगा घेऊन वर गेला. तेजश्री खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"हा गौरींचा चौरंग आहे," ती म्हणाली.

माई खुर्चीत होत्या. दोन्ही हात पदराखाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या कपाळावरची शीर मात्र मला दिसत होती.

आता मला दोन वाटा होत्या. माईंनीच ठेवायला सांगितला, असं म्हणता आलं असतं. तेही खरंच होतं. मग पुढचा प्रश्न आला असता, माईंनी का? आणि त्याच्या पुढचा. दुसऱ्या वाटेवर हैदराबाद होतं.

"मी घेतला," मी म्हणाले. "न विचारता घेतला. मला वाकता येत नाही, तेजश्री. जमिनीपासून अठरा इंचांखाली माझा हात जात नाही. तुला आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. माईंनी त्याच दिवशी मला धारेवर धरलं. त्यांचा काही दोष नाही."

"वाकता येत नाही?"

"अजिबात."

"काकू, मग तुम्ही जनावरं सांभाळता कशी? ती तर खालीच असतात."

"त्यांना वर बोलावते."

तेजश्री माझ्याकडे बघत राहिली. मग फ्रिजकडे गेली. कागदावर वीस चौकोन होते. एकोणीस भरलेले, शेवटचा सातचा रिकामा. तिने कोकोला दोन्ही हातांनी उचललं, वजन घेतल्यासारखं केलं, डोळे पाहिले. मांजर ठणठणीत होती. खाली फरशीवर ठेवल्याबरोबर ती पुन्हा चौरंगावर चढली आणि माईंच्या पदराकडे तोंड करून ओरडली.

"ही आता खाली खात नाही," मी घाईने म्हणाले. "माझी चूक. सवय लागली."

तेजश्रीने पदराकडे पाहिलं. मांजराकडे पाहिलं. पदर जरासा हलला आणि थांबला.

 मी मनातल्या मनात शिवणयंत्र कुणाला द्यायचं ते ठरवत होते.

"दिवाळीत आम्हाला चार दिवस जायचंय," तेजश्री म्हणाली. "तुम्ही मोकळ्या आहात का?"

"आहे."

"मग तुम्हाला अजून कायकाय जमत नाही ते आत्ताच सांगून ठेवा. म्हणजे तशी सोय करून घेते. लपवू नका."

तिने फ्रिजवरचा कागद काढला, उलटा केला आणि पेन घेऊन बसली.

"एक उंच स्टूल हवं. कायमचं," मी म्हणाले. "गौरींचा चौरंग गौरींना."

"हो."

"दुधाची पातेली खालच्या फडताळात आहेत. ती वर हवीत."

"तुम्हाला पातेली कशाला लागतात?"

"लोणी काढायला. मांजर लोण्यातून गोळी घेते."

तिने लिहिलं.

"न्हाणीघरात धरायला दांडा हवा. भिंतीला, कमरेच्या उंचीवर."

"तुम्ही आमच्याकडे आंघोळ करणार आहात?"

"हातपाय धुते की. घसरले तर मांजराला कोण बघणार?"

खुर्चीतून खोकल्याचा आवाज आला. तेजश्रीने वर न बघता लिहिलं.

"आणि देव्हारा," मी म्हणाले. "तो पाटावर आहे, तो वर घ्यायला हवा. टेबलावर. सव्वीस इंच."

पेन थांबलं.

"देव्हारा? मांजरासाठी?"

"माईंना कधी बरं नसलं आणि मलाच दिवा लावावा लागला तर? मी काय वरून फुलं टाकू देवावर?"

तेजश्रीने मान वर केली. माझ्याकडे नाही, खुर्चीकडे पाहिलं. लोटलेलं दार, दोन वर्षं, पदराखालचे हात. तिने काय काय जुळवलं ते मला माहीत नाही. तिने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

"सव्वीस नक्की?" तिने विचारलं.

"मोजलंय."

"बघ बाई," माई खुर्चीतून म्हणाल्या. "सांभाळायचं एक मांजर आणि थेरं केवढी या बाईंची!"

तेजश्री पेन धरून थांबली.

"बघतेस काय?" माई म्हणाल्या. "लिहून घे सगळं."